तिसऱ्या पावलावरचा खांब

मोरेश्वर,

तू गेल्याची बातमी मी लिहिली नाही. दुसऱ्या एका वार्ताहराने लिहिली. आतल्या पानावर सहा ओळी आल्या. त्यात तुझं वय एका वर्षाने चुकलं आहे आणि 'कराटे प्रशिक्षक'ऐवजी 'कराटेपटू' छापलं आहे. एरवी अशी चूक दिसली की मी त्याच दिवशी फोन करतो. या वेळी केला नाही. गेला दीड महिना एक दुरुस्ती माझ्याजवळ पडून होती आणि तिचं काय करायचं तेच ठरत नव्हतं. तिच्यापुढे वयाचं काय घेऊन बसायचं?

ती दुरुस्ती तुला माहीत होती. मला माहीत होती. परवापर्यंत तिसऱ्या कुणाला नव्हती.

मी तुझ्याकडे शिकायला आलो तो आषाढात. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता आणि रोज तहसीलपर्यंत चालून यायचा मला कंटाळा आला होता. आपण शाळेत एका बाकावर बसलेले. तू हसशील असं वाटलं होतं. तू हसला नाहीस. मला वरून खालपर्यंत पाहिलंस आणि म्हणालास, "पांढरा पट्टा बांधून पोरीयच्या मांगं उभा राहशील का बे? शेवटच्या रांगेत? लाज नाई वाटत असन तं ये उद्या संध्याकाळी साडेपाचले."

मोहाडीच्या बंद पडलेल्या राईस मिलचं जुनं गोदाम. वर टिन, खाली ताडपत्री, भिंतींना अजून कोंड्याचा वास. बरोबर मधोमध छप्पर तोलणारा सिमेंटचा खांब. पुढच्या रांगेत पाच मुली. त्यांतली मोठी पल्लवी, कॉलेजात जाणारी, घरची धानाची शेती. मागच्या रांगेत दहा-बारा वर्षांची मुलं. त्यांच्याही मागे मी, सेहेचाळीस वर्षांचा.

पहिल्या दिवशी मी मूठ वळली ती अंगठा आत घालून. तू माझी मूठ उघडलीस, अंगठा बाहेर काढलास आणि बोटांवर आडवा ठेवलास. दुसऱ्या दिवशी अंगठा पुन्हा आत. तिसऱ्या दिवशी तू सगळ्यांसमोर म्हणालास, "पेपरवाल्या, तुहा अंगठा काय थंडीनं आत जाते का?" मुली हसल्या. त्यानंतर अंगठा बाहेर राहिला. एक हात पुढे मारताना दुसरा त्याच क्षणी कमरेशी ओढायचा, हे मात्र मला महिनाभर जमलं नाही. एक हात आठवला की दुसरा विसरायचा. दोन्ही आठवले की पाय विसरायचे.

पाय तू शिकवलेस ते मी विसरणार नाही. पुढे सरकताना पाऊल उचलायचं नाही, जमिनीला लागून ओढत न्यायचं. मुलींना तू एवढंच सांगायचास, "रोवण्यात चालता तसं." त्यांना ते लगेच समजायचं. पऱ्हे, म्हणजे रोवायची धानाची रोपं, हातात घेऊन त्या लहानपणापासून चिखलात मागे मागे सरकलेल्या. मी मास्तरांचा मुलगा. आमच्याकडे शेत नव्हतं, मी कधी धानाच्या बांधीत उतरलो नव्हतो. एका रविवारी तू मला तुझ्या बांधीवर घेऊन गेलास, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर करायला लावलीस आणि चिखलात उभं केलंस. "चाल." मी पाय उचलला आणि बसलो. रोवणाऱ्या बाया कमरेतून वाकल्या होत्या त्या हसायला सरळ झाल्या. एक म्हातारी म्हणाली, "का गा मोरेश्वर, या पाव्हण्याले कायले बुडवून राहिला?" तू म्हणालास, "शिकवून राहिलो, बाई. बुडून झालं का शिकन." अर्ध्या तासाने मला पाय ओढता आला. गुडघा कुठे वाकतो, भार कुठे जातो, हे मला त्या चिखलाने सांगितलं. त्या दिवशी मी तुझे आभार मानले नाहीत. चप्पल चिखलात हरवली म्हणून कुरकुर केली.

मग वही. मला हालचालींचा क्रम लक्षात राहत नव्हता, म्हणून मी घरी जाऊन लिहून काढायचो. सवयच ती. कोण काय म्हणालं, कोणत्या क्रमाने म्हणालं, ते त्याच दिवशी लिहिलं नाही तर माझ्या दृष्टीने ते घडलेलं नसतं. तुला वही दिसली तेव्हा तू ती हातात घेतलीस, दोन पानं वाचलीस आणि परत दिलीस.

"कोणी अंगावर आला तं काय करशील? थांब गड्या, पान पलटवू दे, असं म्हणशील?"

"हाताला आठवत नाही तोवर कागदाला आठवू दे."

"हाताले आठवते बे. तू त्याले आठवू देत नाई."

यात आपण दोघंही आपापल्या जागी बरोबर आहोत, असं मी शेवटपर्यंत समजत होतो.

ही वही नसती तर पुढचं झालंच नसतं. पहिला काता म्हणजे विसेक हालचालींची ठरलेली साखळी. समोर कुणी नसतं, पण आहे असं समजून अडवायचं, वळायचं, मारायचं. मधल्या भागात तीन पावलं सरळ पुढे जायची, प्रत्येक पावलाला एक ठोसा, तिसऱ्यावर ओरडायचं. तुझ्या मुली तिसऱ्या पावलाला अर्धं पाऊल डावीकडे सरकून ठोसा मारायच्या. मी सरळ जायचो. तू तीन आठवडे मला यासाठी ओरडलास. "बाजूले काहून नाई होत बे? समोरच्याचा वार चुकवाचा आहे तिथं!" मी वहीत लिहून ठेवलं: तिसऱ्या पावलाला अर्धं पाऊल डावीकडे. वार चुकवणे.

दसऱ्याच्या सुमारास मी सगळा काता एका पानावर आखला. प्रत्येक पावलाची रेघ, प्रत्येक वळणाचा बाण. शेवटचा बाण सुरुवातीच्या ठिपक्यावर यायला हवा होता. तो बाजूला पडत होता. आधी मला वाटलं माझी रेघ चुकली. तीनदा आखलं. मग फोनवर वेगवेगळ्या ठिकाणच्या शिक्षकांचे व्हिडिओ पाहिले. सगळे तिसऱ्या पावलाला सरळ जात होते. सगळे जिथून निघाले तिथे परत येत होते. अर्धं पाऊल सरकणारा एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी क्लासला लवकर आलो आणि गोदामाच्या दारात उभा राहून मोजलं. तू नेहमी उभा राहायचास त्या जागेपासून तिसरं पाऊल जिथे पडतं, तिथे खांब आहे.

मी तुला हे दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर सांगितलं. वही उघडून समोर ठेवली. बातमी सांगावी तसं सांगितलं, आधी निष्कर्ष आणि मग पुरावे. आता वाटतं, ते उलट्या क्रमाने सांगायला हवं होतं. तू त्या आकृतीवरून ठिपक्यापासून शेवटच्या बाणापर्यंत बोट फिरवलंस. चहा घेतला नाहीस.

"भंडाऱ्याच्या सरांनी मले सरळच शिकवलं होतं," तू शेवटी म्हणालास. "दोन वर्षं शिकलो त्यायच्याजवळ. मंग ते गेले बदली होऊन. मी इथं एकटाच करत राहिलो, गोदामात. खांब आडवा ये म्हणून बाजूले होत जाव. मले माहीत होतं का मी खांबासाठी बाजूले होतो."

"मग?"

"मंग कधी विसरलो, ते नाई माहीत."

तू उठलास आणि मला शाळेच्या पटांगणावर घेऊन गेलास. सकाळची वेळ, शाळा भरायची होती, मैदान रिकामं. "पाय," म्हणालास. आपल्या झाडीपट्टीत 'पाहा'ला पाय म्हणतात, पण त्या क्षणी मी खाली तुझ्या पायांकडेच पाहिलं. तू काता सुरू केलास. इतका चांगला काता मी व्हिडिओतही पाहिला नव्हता. पहिलं पाऊल, दुसरं पाऊल, आणि तिसऱ्याला तुझा पाय अर्धं पाऊल डावीकडे सरकला. तू थांबलास. परत सुरुवातीला गेलास. पुन्हा तेच. चौथ्या वेळी तू तिसऱ्या पावलाआधीच थांबलास आणि मोकळ्या जागेकडे बघत राहिलास.

"मले खांब नाई दिसत बे," तू म्हणालास. "पण पाय हटते."

 मला ते आज उमगतं. तुझं म्हणणं खरं निघालं होतं. हाताला आठवतं, पायाला आठवतं. फक्त काय आठवायचं, ते त्यांना विचारता येत नाही.

आपला वाद सुरू झाला तो त्यानंतर. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी भंडाऱ्याला तपकिरी पट्ट्याची परीक्षा, परीक्षक बाहेरचे. खालचे पट्टे तू स्वतः द्यायचास, तिथपर्यंत हे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. या परीक्षेला पाचही मुली बसणार होत्या आणि सुरुवात पहिल्या कात्यानेच होते. पल्लवीला पट्टा मिळाला तर तुमसरला एका शाळेत मुलींना शिकवायचं काम मिळणार होतं. तसं त्या शाळेने तिला सांगितलं होतं. तिने घरी सांगितलं होतं. घरच्यांनी सगळ्या आळीला सांगितलं होतं.

"आत्ता सांग त्यांना," मी म्हणालो. "वेळ आहे."

"सांगीन."

"कधी?"

"काय सांगू? का बाप्पा, इतके वर्षं तुमच्या सरानं तुमाले खांबाच्या बाजूनं चालाले शिकवलं?" मग तू माझ्या छातीवर बोट ठेवलंस. "हे पाय. मीच सांगीन. माह्या तोंडानं सांगीन. तू नको सांगू कोणाले. शब्द दे."

मी शब्द दिला. बातमीचा उगम न सांगण्याचा शब्द मी अनेकांना दिला आहे आणि पाळला आहे. तसाच हाही दिला. त्यातून बाहेर कसं पडायचं हे तेव्हा विचारलं नाही.

मग कापणी आली. तू म्हणालास, पोरी धान कापाले जाऊन राहिल्या, थकून येते, आता नको. मग दिवाळी. मग चुरणा, म्हणजे मळणी. तू त्यांच्याकडून दुसरे सगळे काते करून घ्यायचास, पहिला टाळायचास. मी मागच्या रांगेतून पाहायचो आणि तू माझ्याकडे पाहायचा नाहीस. एकदा क्लास सुटताना मी एकट्याने पहिला काता केला आणि तुझ्यासमोर मुद्दाम सरळ गेलो. तू ओरडला नाहीस. पल्लवी ओरडली, "काका, बाजूले व्हा नं! वार लागन तुमाले!"

आपलं शेवटचं बोलणं गोदामाच्या फाटकाशी झालं. मी म्हणालो, तारीख जवळ आली. तू म्हणालास, "तुले काय उद्या पेपर छापाचा आहे का? कायले मांगं लागून राहिला?" मी म्हणालो, तुला भीती वाटते एवढं कबूल कर. तू कुलूप लावलंस, दोनदा ओढून पाहिलंस आणि "हाव, वाटते" असं म्हणून गाडी सुरू केलीस.  मला जिंकल्यासारखं वाटलं होतं. हे लिहिताना शब्द बदलायचा मोह होतो, पण तसंच वाटलं होतं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला.

तेरवीला पंगत उठल्यावर पल्लवी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मागे त्या चौघी. पाचही जणी गणवेशात आल्या होत्या आणि वाढायला फिरताना त्यांनी पट्टे काढून ठेवले होते.

"काका, क्लास बंद नका करू."

"मला काय येतं? माझा पांढरा पट्टा आहे."

"मोजाले तं कोणी पायजे. आनं तुमच्या वहीत सगळं आहे, सर सांगे. काही अडलं तं काकाची वही पाहजा, म्हणे."

असं तू त्यांना कधी सांगितलंस? मला का सांगितलं नाहीस? तुला ती वही आवडत नव्हती. की हे मुद्दाम केलंस? आपल्या तोंडाने होणार नाही हे तुला कळलं होतं, आणि मी दिलेला शब्द मला मोडता येत नाही म्हणून तू त्यांनाच वहीकडे पाठवलंस? मी यावर तीन दिवस विचार केला आहे. याला दुजोरा देणारं कुणी नाही.

मनातल्या मनात माझा हिशेब असा होता. सांगितलं तर तेरवीचं जेवण पचायच्या आत मी म्हणणार की तुमचे सर चुकीचं शिकवत होते. तुला दिलेला शब्द मोडणार, आणि तू तो परत देऊ शकत नाहीस. नाही सांगितलं तर रविवारी भंडाऱ्यात एक अनोळखी माणूस तेच म्हणणार, सगळ्यांसमोर, आणि पाचही जणींना परत पाठवणार. दोन्हीकडे तुझंच नाव. मधून जायला जागा नव्हती.

परवा क्लास उघडला. गोदामात जायला त्यांना नको वाटत होतं, म्हणून मीच म्हणालो, पटांगणावर करू. पाचही जणी एका ओळीत उभ्या राहिल्या. पहिल्या कात्याची मधली तीन पावलं मी जपानीत मोजली. इच. नि. सान. तिसऱ्याला पाचही जणी एकदम डावीकडे सरकल्या आणि ओरडल्या. रस्त्यात कुणी उभं असावं आणि पाच माणसांनी त्याला वाट द्यावी, तसं. तिथे कुणी नव्हतं. माझी मोजणी थांबली.

"काय झालं, काका?"

मी वही उघडली आणि म्हणालो, "सरांनी एक बदल सांगून ठेवला आहे."

बावीस वर्षांत मी कुणाच्या तोंडी न बोललेला शब्द घातला नाही. मंत्र्याच्या नाही, आरोपीच्या नाही. परवा तुझ्या तोंडी घातला. मी सांगितलं की ही चूक सरांना दसऱ्याला स्वतःलाच सापडली. गोदामातल्या खांबामुळे झाली, असं ते म्हणाले. परीक्षेआधी तुमच्याकडून दुरुस्त करून घ्यायचं ठरवलं होतं, वेळ मिळाला नाही. मी वहीतल्या रिकाम्या पानाकडे बघून वाचल्यासारखं केलं. काही भाग खरा होता. खोटं सांगताना खऱ्याचा आधार घेतात हे मी इतरांच्या बाबतीत अनेकदा लिहिलं आहे.

पल्लवी रडेल किंवा चिडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मंग मागच्या परीक्षेत सरच काहून मारे मले, बाजूले झाली नाई म्हणून?" आणि हसायला लागली. मग चौघीही हसल्या. हसता हसता एकीला रडू आलं आणि तिला गप्प करायला दुसरीने तिच्या पाठीत गुद्दा घातला, अंगठा बाहेर ठेवून, कोपर वळवून, तू शिकवलास तसा.

मग त्यांनी करून पाहिलं. सरळ जायचं ठरवून गेल्या आणि पाचही जणी सरकल्या. पुन्हा सरकल्या. पल्लवीने स्वतःच्या मांडीवर चापट मारली. अंधार पडेपर्यंत एकीलाही जमलं नाही. शेवटी ती माझ्याकडे वळली.

"काका, तुमी पुढं चाला. आमी मांगून येतो."

"मी? मला नीट येत नाही."

"म्हणूनच. तुमचा पाय आजून शिकला नाई."

काल मी पुढे होतो. पांढरा पट्टा पुढे आणि मागे पाच हिरवे. लोक कुंपणाशी उभे राहून पाहत होते. माझा ठोसा वाकडा, कमरेचा हात उशिरा, पण तिसरं पाऊल सरळ. तीन आठवडे तू ज्यासाठी मला ओरडलास, ते न जमणं एवढंच माझ्याकडे त्यांना द्यायला होतं. सातव्या-आठव्या फेरीला मागे पल्लवीचा आवाज माझ्या बरोबर पाठीशी आला, बाजूने आला नाही. मी वळून पाहिलं नाही. शेवटच्या फेरीपर्यंत तिघींना जमलं. दोघींना रविवारपर्यंत जमेल किंवा नाही जमणार.

तुला एवढंच कळवायचं होतं, तर पत्र इथे संपलं असतं. पण क्लास सुटल्यावर त्या गेल्या नाहीत. ताडपत्री नव्हती, गुंडाळायला काही नव्हतं, तरी थांबल्या. पल्लवीने विचारलं, "काका, सर आजून काय म्हणे?"

"कशाबद्दल?"

"आमच्याबद्दल. तुमाले सांगत असन नं. आमाले तं कधी चांगलं म्हटलं नाई त्यायनं." मग वहीकडे बोट दाखवून, "वहीत लिहिलं असन तं वाचून दाखवा."

वहीत काही नाही, मोरेश्वर. मी सगळी पानं पाहिली. अडवणं, वळणं, ठोसे, पावलं. पाच महिन्यांत तू माझ्याजवळ त्यांच्यातल्या एकीबद्दलही बरा शब्द काढला नव्हतास, आणि मी तो विचारला नव्हता. मनात होता हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, पण मनातलं मी छापत नाही. आता त्यांना माहीत आहे की तुझं म्हणणं माझ्याकडे लिहिलेलं असतं. एक वाक्य मीच तुझ्या तोंडी घालून ठेवलं आहे आणि आता वहीत दुसरं नाही असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

मी म्हणालो, उद्या सांगतो.

तो उद्या आज आहे. पाच वाजून गेलेत. त्या पटांगणावर यायला लागल्या असतील, आणि माझ्यासमोर वहीचं कोरं पान आहे. तू जन्मभर बोलला नाहीस ते मी लिहू की नको? लिहायचं तर शब्द तुझे पाहिजेत, माझे चालणार नाहीत, त्या लगेच ओळखतील.

सांग बे लवकर.